‘गोष्टीतल्या काउबॉयमुळे नवऱ्याचा राग येतो’

मीनल (नाव आणि तपशील बदलले आहेत) ह्यूस्टनजवळ राहते. व्हिडिओ कॉलवर आधी मुलाच्या अभ्यासाबद्दलच बोलत राहिली. मग एकदम म्हणाली, “ताई, मी लायब्ररीतून रँचवरच्या प्रेमकथा आणते. हलक्याफुलक्या. एक संपली की दुसरी. आणि नवरा घरी आला की त्याचा रागच येतो. माझं काही बिघडलंय का?”

कादंबऱ्या असोत वा मालिका, हा प्रश्न मला बऱ्याच जणी विचारतात.

या कथांचा साचा ठरलेला. शहरातून आलेली नायिका, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातलं कर्जात बुडालेलं रँच (गुरांचा मोठा मळा), अबोल मालक, दोघांची खडाजंगी आणि शेवट गोड. गोड शेवट ही तर या प्रकाराची अटच. दिवसभर इतरांचं करून दमलेल्या बाईला तेवढी खात्री हवीशी वाटली, तर त्यात गैर काहीच नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेने प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून 1984 साली मांडलं, की त्यांना वाचनाचा वेळच मोलाचा वाटतो. तेवढ्यापुरत्या त्या कुणाची आई, कुणाची बायको नसतात. हे ऐकून मीनल रडली.

रागाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं. मी विचारलं, “परत परत वाचतेस असा प्रसंग कोणता?”

गाई व्यायचा हंगाम, कडाक्याची थंडी, एक गाय अडलेली. दोघं रात्रभर गोठ्यात. पहाटे तो म्हणतो, दमलीस, आत जा, मी बघतो.

“एवढंच?”

“एवढंच. मला असं कुणी म्हणत नाही.”

“नवऱ्याला सांगितलंस?”

“त्याला कळायला नको का?”

गोष्टीतल्या नायकाला न सांगता कळतं, कारण लेखिका त्याला सांगत असते. खऱ्या नवऱ्याला आपणच सांगावं लागतं, तेही नेमकं. पुस्तकं बंद करू नकोस, नायकाशी तुलना बोलून दाखवू नकोस, फक्त म्हण, “आज भांडी आणि मुलाचं झोपणं तू बघ, मी आत जाते.” (नवऱ्याची भीती वाटत असेल, तर हा सल्ला लागू नाही, तिथे आधी सुरक्षितता.)

मीनलने तसं म्हटल्यावर नवरा आधी चिडला, “मग आजवर का बोलली नाहीस?” दोघांचं भांडण झालं. आता आठवड्यातले दोन दिवस रात्रीचं सगळं तो बघतो. मीनलचा राग पूर्ण गेलेला नाही. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.