त्रिनिदादमध्ये वडिलांच्या नावाने जन्माची नोंद सापडत नसेल तर कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचे पणजोबा 1910 च्या सुमारास त्रिनिदादला जन्मले, वडिलांच्या नावाने दोन वर्षं शोधूनही नोंद मिळाली नाही, आणि आता ती झालीच नसावी असं वाटतंय. एवढ्यात तसं धरू नका. त्यांच्या आईच्या नावाने शोधा.

आमचे जावई त्रिनिदादचे. तिकडेही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं. त्या आजींचा जन्मदाखला शोधताना मीही दीड वर्ष त्यांच्या वडिलांच्याच नावामागे होते. आपल्याकडे मधलं नावच वडिलांचं, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही. पण तिथे हिंदू पद्धतीच्या लग्नाला मान्यता मिळाली ती 1945 च्या कायद्याने. त्याआधी मांडव घालून, अग्नीला साक्षी ठेवून लागलेलं लग्न, ज्याला तिथले लोक 'बांबूखालचं लग्न' म्हणतात, सरकारदरबारी लग्नच नव्हतं. जन्मभर एकत्र संसार केलेल्या जोडप्याची मुलंसुद्धा कागदावर अनौरस ठरत. म्हणून वडिलांचा रकाना रिकामा राहायचा.

आम्हाला मिळालेल्या दाखल्यावर बाळाच्या नावाच्या जागीही नुसती रेघ होती. पुढे 'मुलगी', मग आईचं नाव, राहण्याचं ठिकाण म्हणून उसाच्या मळ्याचं नाव, आणि खबर देणाऱ्याच्या सहीच्या जागी एक फुली. जावयांच्या आत्यांना तो दाखवताना माझा जीव खालीवर होत होता. चूक कायद्याची होती, तुमच्या आजीआजोबांची नव्हे, हे मी त्यांना कागद हातात देण्याआधी सांगितलं. तुम्हीही घरात तसंच करा.

नावाच्या स्पेलिंगवर अडून राहू नका. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय: रामनारायणचं रामनरीन, प्रसादचं परसाद, किशनचं किसून. शिवाय भारतातून उसाच्या मळ्यावर मजुरीला आलेल्या माणसाला बहुतेक वेळा एकच नाव असायचं. त्याचं तेच नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं. म्हणजे आजचं आडनाव हे पणजोबांच्या वडिलांचं पाळण्यातलं नाव असू शकतं.

त्रिनिदादमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1848 पासून आहे, टोबॅगोत 1868 पासून, त्यामुळे तुमचं साल त्यात बसतं. अर्ज रजिस्ट्रार जनरलच्या खात्याकडे करायचा. साल नक्की नसेल तर मागचीपुढची पाच-पाच वर्षं बघायला सांगा. त्याआधी नवऱ्याच्या घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा: पणजोबांच्या आईचं नाव आणि मळा कुठला. कुव्हा, कारोनी, जे कानावर येईल ते लिहून घ्या.

आई भारतातून आलेली असेल तर पुढची वाट पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. 1845 ते 1917 या काळात मजुरीच्या करारावर भारतातून आलेल्यांच्या नोंदी तिथे आहेत. कलकत्त्याहून जहाजाने निघालेल्यांच्या प्रवासाच्या परवान्यावर वडिलांचं नाव, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं लिहिलेलं असे. आमच्या आजींची आई लहानपणी आईबापांबरोबर आली होती. तिच्या परवान्यावर गाझीपूर जिल्हा आहे, आणि खुणेच्या रकान्यात कपाळावरचा व्रण.

आईचं नाव कळलं की इथे कळवा. त्याची कोणकोणती स्पेलिंग होऊ शकतात, ती मी तुम्हाला काढून देईन.