ड्रोन राहू द्या, तुम्ही कुठे उभे होतात?

प्रश्न: उजाडायच्या आधी मालगाडीचं चित्रीकरण करताना रेल्वे सुरक्षा दलाने मला पकडलं. साधारण पाऊण किलोचा ड्रोन, बॅटऱ्या आणि मेमरी कार्ड जप्त झालं. मी रुळांवर पाऊलही ठेवलं नव्हतं, बाजूच्या भरावावर होतो. पंचनाम्यावर न वाचता सही केली, आणि घाबरून फोनमधलं ड्रोन चालवायचं ॲप काढून टाकलं. आता सगळे म्हणतात, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. तसं करू का?

उत्तर: इतक्यात नको.

‘मी रुळांवर गेलोच नाही’ हे वाक्य अशा प्रत्येक पत्रात असतं, आणि लिहिणाऱ्याला तोच आपला बचाव वाटतो. रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 2 मध्ये ‘रेल्वे’ची व्याख्या आहे. हद्दीच्या खुणांच्या आतली सगळी जमीन तिच्यात येते. खडी आली, भराव आला, भरावाखालची गवताची पट्टीही आली. कलम 147 म्हणतं, रेल्वेच्या कोणत्याही भागात विनापरवाना शिरणं हा गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘भरावावर होतो’ असं सांगून तुम्ही बहुधा गुन्हाच कबूल करता आहात. अंधारात हद्दीचा दगड दिसला नाही, ही सबबही फार टिकणार नाही.

तेव्हा प्रश्न एकच: तुमचे पाय दगडाच्या आत होते की बाहेर? बाहेर असाल तर 147 चा पायाच डळमळतो, कारण ते कलम माणसाच्या शिरण्याबद्दल बोलतं. नुसता ड्रोन आत गेला तर काय, यावर मी तुमच्या बाजूने युक्तिवाद करेन. न्यायालय तो मानेलच अशी हमी देणार नाही.

याचा पुरावा तुमच्याच हातात होता. ड्रोन जिथून उडाला ती जागा ॲपच्या नोंदीत अक्षांश-रेखांशांसह राहते. आणि तुम्ही लिहिता की घाबरून ॲपच काढून टाकलं! स्वतःच्या सुटकेचा कागद असा फाडायचा असतो का? आता फोनला हात लावू नका. ती नोंद तुमच्या ऑनलाइन खात्यात किंवा जप्त ड्रोनच्या आतल्या मेमरीत असू शकते. ती तपासावी असा लेखी अर्ज वकिलामार्फत लगेच करा. पंचनाम्यात उभं राहण्याची जागा काय लिहिली आहे तेही पाहा. तुम्ही न वाचता सही केलीत, म्हणून ही घाई. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, या भरवशावरही राहू नका. रेल्वे मालमत्तेच्या चोरीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी त्या अर्थाने पोलीस अधिकारी नाही, असं ठरवलेलं आहे.

नोंद तुमच्या विरुद्ध निघाली आणि कागदावर फक्त 147 असेल, तर कबुली देऊन दंड भरणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण कलम 154 जोडलं आहे का, ते आधी बघा. हयगयीने रेल्वेवरच्या माणसांची सुरक्षितता धोक्यात आणणं, शिक्षा एक वर्षापर्यंत. मालगाडीत प्रवासी नसले तरी लोको पायलट, म्हणजे गाडी चालवणारा, असतो. कमी उजेडात बऱ्याच ड्रोनच्या पुढच्या हातांवरचे लाल दिवे उठून दिसतात, आणि रुळांवर लाल दिवा दिसला की त्याला गाडी थांबवायचीच असते. त्या पहाटे गाडीने ब्रेक लावले होते का, हे पत्रात नाही. मला तेच हवं आहे.

ड्रोन नियम, 2021 चं प्रकरण वेगळं. तुमच्या पाऊण किलोच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो, तो तुमच्याकडे आहे की नाही तेही तुम्ही लिहिलेलं नाही. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवला तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. चित्रफितींवर तुम्ही पैसे मिळवत असाल तर ही सवलत टिकेल का, सांगता येत नाही.

ड्रोन सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, परत मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच बजावलं होतं की जप्त माल विनाकारण अडकवून ठेवू नका. तरी मुद्देमालाच्या खोलीत लिथियमच्या बॅटऱ्या फुगेपर्यंत तारखा पडत राहतात, याची मला चीड आहे. मात्र आधी नोंद तपासण्याचा अर्ज द्या, सुपुर्दनाम्याचा त्यानंतर. ड्रोन घरी आणून एकदा उडवलात, तर त्या पहाटेच्या नोंदीवर कोणीही संशय घेईल.