प्रश्न आपले, उत्तरे आमची: घरगुती सीएनसी यंत्राचा पैसा कुठे घालावा?

प्रश्न: मी कोथरूडला राहतो आणि एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक मंडलाची तांब्याचा थर असलेली पाटी) कोरण्यासाठी आणि ॲल्युमिनियमच्या नावाच्या पाट्या करण्यासाठी टेबलावर मावेल असे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने चालणारे) मिलिंग यंत्र घरीच तयार करण्याचा विचार आहे. खर्चाची मर्यादा २५ हजार रुपये. ६०० × ४०० मिमीचा बेड, सरकत्या भागांसाठी ८ मिमीचे गुळगुळीत दांडे आणि नेमा २३ मोटर असा आराखडा केला आहे. मोटर आणि तिला चालवणारे ड्रायव्हर सर्किट आणण्यासाठी पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, जाण्यापूर्वी काही बदल सुचवाल का?

उत्तर: तपकीर गल्लीची फेरी तूर्त पुढे ढकलावी, कारण आपल्या आराखड्यातील खरी अडचण मोटरची नसून दांड्यांची आहे. ४०० मिमी अंतरावर दोन टोकांना टेकवलेल्या ८ मिमीच्या पोलादी दांड्यावर मध्यभागी एक किलोचा भार दिला, तर तो सुमारे ०.३३ मिमी वाकतो. पीसीबीवरील तांब्याचा थर साधारणपणे ०.०३५ मिमी असतो, म्हणजे जो थर कापायचा त्याच्या जवळजवळ दहापट दांडाच झुकतो. दोन दांडे भार वाटून घेतात हे खरे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि वाक लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. त्यामुळे दांडा १६ मिमीचा घेतला तर वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि लांबी निम्मी केली तर आठव्या हिश्श्यावर.

म्हणून माझा आग्रह असा की बेड ३०० × २०० मिमीपेक्षा मोठा करू नये. आपल्या पाट्यांना तेवढा पुरेसा आहे. स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) धरणारी कमान सरकती ठेवण्याऐवजी पायाला पक्की बोल्ट करावी आणि टेबल सरकते ठेवावे. यंत्र थोडी जास्त जागा अडवील, पण कमानीला मागून तिरके आधार देता येतील. अधांतरी दांड्यांऐवजी पूर्ण लांबीभर खालून आधार असलेल्या लिनिअर गाइड (सरळ सरकण्याच्या पट्ट्या) घ्याव्यात आणि निम्म्याहून अधिक रक्कम सांगाडा, गाइड आणि टेबल सरकवणारे स्क्रू यांवरच खर्च करावी. गाइड ज्या प्लेटवर बसणार, ती प्लेट घरी कानशीने सपाट करण्याच्या फंदात पडू नये. भोसरी परिसरात जॉबवर्क करणाऱ्या लहान वर्कशॉपमधून अशा सर्व प्लेट मिलिंग करून आणि भोके पाडून घ्याव्यात, शक्यतो एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे मध्ये न सोडवता एकदाच पकडून. सांगाडा वेल्डिंगचा करणार असाल तर मिलिंग वेल्डिंगनंतरच करावे, कारण उष्णतेने लोखंड ओढले जाते. मी स्वतः पहिल्या यंत्राच्या वेळी हा क्रम उलटा केला आणि गाइडखाली पत्र्याचे शिम (पातळ तुकडे) सरकवण्यात दोन रविवार घालवले.

नेमा १७ आणि नेमा २३ हे आकडे ताकदीचे नाहीत. मोटरच्या चौकोनी तोंडाचे ते माप आहे, १.७ आणि २.३ इंच. एवढ्या लहान यंत्राला आणि हलक्या कापाला नेमा १७ चालेल. नियंत्रणासाठी आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड आणि त्यावर चालणारी, विनामूल्य मिळणारी जीआरबीएल ही प्रणाली पुरेशी आहे. वीज चालू असताना मोटरची वायर मात्र कधीही काढू नये, ड्रायव्हर जळतो.

जोडणी झाल्यावर पहिला काप घेण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. बेडवर चुंबकी स्टँड ठेवून डायलचे (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या मापकाचे) टोक कोलेटला (स्पिंडलमध्ये कटर पकडणाऱ्या भागाला) टेकवावे, काटा शून्यावर आणावा आणि स्पिंडल बोटाने दाबावा. बोट काढल्यावर काटा शून्यावर परत आला, तर यंत्र वाकत आहे. तिथे आधार वाढवावा लागेल. काटा मध्येच थांबला, तर कुठेतरी बोल्ट सैल आहे किंवा स्क्रूवरच्या नटमध्ये प्ले (मोकळी हालचाल) आहे. या दोन दोषांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत आणि ते ओळखण्यासाठी याहून सोपी रीत मला माहीत नाही.

पीसीबी कोरताना उडणाऱ्या भुकटीत काचतंतू असतात, त्यामुळे मास्क, चष्मा आणि व्हॅक्यूम यांना २५ हजारांतच जागा ठेवावी.

प्रश्न: माझ्या यंत्राला १० मिमी सरकण्याची आज्ञा दिली तर ते ४० मिमी सरकते. मोटर खराब असेल का? (वाचक, चिंचवड)

उत्तर: मोटर चांगली आहे. ८ मिमी व्यासाच्या बहुतेक स्वस्त स्क्रूंवर चार आट्या एकत्र फिरतात. दोन आट्यांमधील अंतर २ मिमी दिसते, पण एका फेऱ्यात नट ८ मिमी पुढे जातो. मोटरचे एका फेऱ्याचे २०० स्टेप (टप्पे) आणि ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे करतो ते १६ भाग धरले तर एका फेऱ्याला ३,२०० स्टेप होतात. एका मिमीला किती स्टेप, या सेटिंगमध्ये त्यांना आपण २ ने भागून १,६०० भरले असावेत. ८ ने भागून ४०० भरावेत. तत्पूर्वी स्क्रू हाताने बरोबर एक फेरा फिरवून नट किती सरकला ते व्हर्नियरने मोजावे.