आजोबांच्या पत्रांची ट्रंक आणि बी.ए.नंतरची वाट

ताई, सप्रेम नमस्कार.

मालवण तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी इतिहास घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत तिला आजोबांनी लालबागहून पाठवलेली पत्रं सापडली. तेव्हापासून ती पत्रं लावत बसते, आजीला बोलतं करून मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि ‘मला हेच काम करायचंय’ म्हणते. तुमचा प्रश्न सरळ आहे: यात पोट भरतं का, की तिला बी.एड.ला घालावं?

पोट भरतं. पण या कामाची गोडी आणि हे काम यांत फरक आहे, तो आधी बघून घ्या. आजोबांची पत्रं वाचताना डोळे कुणाचेही भरतील. अभिलेखागारातली, म्हणजे जुने कागदपत्र जपणाऱ्या संस्थेतली, नोकरी म्हणजे मात्र त्या प्रत्येक पत्राची नोंद: तारीख, कुठून, कुणी, कुणाला, पोस्टकार्ड की आंतरदेशीय, दोन ओळींत मजकूर, कागदाची अवस्था. पत्रावर नुसतं ‘श्रावण वद्य पंचमी’ असेल तर साल पोस्टाच्या शिक्क्यावरून काढायचं. मनीऑर्डरच्या कुपनावरचा चार ओळींचा निरोपही पत्रच, तो टाकायचा नाही. आजीला लिहिता येत नसेल तर तिची उत्तरं कुणाच्या हातची, हेही नोंदवायचं. चाकरमान्यांच्या घरांत पत्र लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा, असं सर्रास असे.

म्हणून माझा सल्ला असा. फी भरण्याआधी या मे महिन्यात तिला त्या ट्रंकेची पूर्ण सूची करू द्या. पत्रं ज्या गठ्ठ्यांत, ज्या क्रमाने बांधलेली आहेत तो क्रम मोडू नये, कारण बांधणाऱ्याने तसं का ठेवलं ही सुद्धा माहितीच असते. टाचण्या काढाव्यात, आपल्या हवेत त्या गंजून कागद खातात. सेलोटेप लावू नये. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. शंभराव्या पत्राची नोंद तिने पहिल्याइतकीच नीट केली, तर ही मुलगी या कामाची आहे. विसाव्याला कंटाळली तरी काही बिघडलं नाही, तिला गोष्टींची आवड आहे एवढं कळेल, आणि ती आवड शिक्षिकेलाही उपयोगी पडते.

पुढची वाट. बी.ए. पूर्ण करून इतिहासात एम.ए. करावं. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार (स्थापना 1891, तेव्हा कोलकात्यात) अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा चालवतं, शिवाय कागद दुरुस्तीचे काही आठवड्यांचे कोर्सही असतात. ग्रंथालयशास्त्राची पदवी जोडली तर नोकरीची दारं वाढतात. सरकारी जागा थोड्या आणि जाहिराती कधी निघतील याचा नेम नसतो, त्यामुळे त्यांच्या भरवशावर बसू नये. पण रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजचं मुंबईत आहे, बंगळूरच्या एनसीबीएस या विज्ञान संस्थेने 2019 मध्ये स्वतःचं अभिलेखागार उघडलं. मुंबईची ‘स्पॅरो’ 1988 पासून स्त्रियांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जपते आहे. अशा ठिकाणी सुरुवात बहुधा कंत्राटी प्रकल्पावर होते, हे मनाशी धरून चाला.

एक गोष्ट मात्र तिने आजपासूनच करावी: मोडी शिकावी. आजोबांची पत्रं देवनागरीत असतील, पण गावच्या जुन्या जमिनीच्या आणि देवस्थानच्या कागदांत मोडी भरलेली आहे. 2023 मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते सगळ्यांनी पाहिलं. मोडी वाचणाऱ्याला कोकणात घरबसल्याही काम मिळतं.

आजीच्या रेकॉर्डिंगबद्दल. हे काम सुट्टीवर ढकलू नका. फॅन बंद, टीव्ही बंद, एका वेळी तासाभरापेक्षा जास्त नाही. ‘तुमचं आयुष्य कसं होतं?’ असं विचारलं तर म्हातारी माणसं दोन वाक्यांत संपवतात. ‘मुंबईची बोट लागायची तेव्हा बंदरावर कोण कोण जायचं?’ असं विचारावं, मग गजाली सुरू होतात. लिहून काढताना आजीची मालवणी तशीच ठेवावी, ‘बोट इली नाय’ला ‘बोट आली नाही’ करू नये. फाइलला तारीख आणि आजीचं नाव द्यावं आणि एक प्रत मोबाइलबाहेर ठेवावी.

आणि हे रेकॉर्डिंग पुढे कुणाला ऐकवायचं, कुठला भाग घरातच ठेवायचा, हे आजीला विचारून तिच्या सहीने किंवा अंगठ्याने कागदावर घ्यावं. पत्रांचंही तसंच. कागद तुमच्या घरचा असला तरी मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. आजोबांची पत्रं पुढे एखाद्या संस्थेला द्यायची झाली तर तुमच्या नणंदा-दिरांनाही आधी विचारा.

बी.एड.चा निर्णय यंदा नको. ते एम.ए.नंतरही करता येतं. सूची झाली की मला पहिली दहा पानं पाठवा, ती पाहून पुढचं बोलू.