‘ताई, माझं म्हणजे एक ना धड...’

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचं माणूस ‘एक ना धड’ म्हणून थांबलं की ‘भाराभर चिंध्या’ माझ्याच तोंडातून बाहेर पडायला बघतं. मला खूप गोष्टी आवडतात, सगळं उत्साहात सुरू करते, तडीला एकही जात नाही, माझ्यात काही खोट आहे का? बायकांच्या बाबतीत याला वर एक शेपूट असतं, घरचं एवढं पडलेलं असताना मी स्वतःसाठी वेळ काढते म्हणजे मी स्वार्थी आहे का. मागच्या आठवड्यात पुन्हा एकीने जवळपास याच शब्दांत विचारलं, आणि मला वसुधा आठवली. म्हटलं आता एकदा लिहूनच टाकू.

वसुधा हे खरं नाव नाही, बाकी तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत, तिला विचारून. वय शेहेचाळीस, नोकरी कचेरीतली, मुलगा बारावीला, घरात सासूबाई. पहिल्या दिवशी आली ती पर्समधून एक घडी घातलेला कागद काढतच. मुलाच्या जुन्या वहीचा पाठकोरा कागद, त्यावर यादी. मोडी लिपीचा वर्ग, चार महिने केला, परीक्षेला बसली नाही. वारली चित्रकला, अडीच चित्रं. (अडीच हा तिचाच शब्द.) क्रोशाचा टेबलक्लॉथ, तो होईपर्यंत टेबलच विकलं. किल्ले ठरवले पन्नास, झाले सतरा. वाकळ, निम्मी. आणि सगळ्यात खाली अधोरेखित करून ‘सेल्फ केअर’, त्यात बारा सूर्यनमस्कार, रविवारी केसांना तेल, रात्री चेहरा धुऊन क्रीम, झोपताना डायरीत तीन चांगल्या गोष्टी. प्रत्येक ओळीपुढे ती गोष्ट बंद पडली ती तारीख आणि लाल फुली.

मी खूप वर्षं हे काम करतेय, लोकांचे बरेच कागद पाहिलेत, पण केसांना तेल लावायचं राहिलं म्हणून स्वतःलाच लाल शाईने नापास केलेलं पहिल्यांदा पाहिलं.

“या फुल्या कोण मारतं?”

“मीच.”

“आणि तपासतं कोण?”

मला वाटलं हसेल. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अण्णा.”

अण्णा म्हणजे वडील, गणिताचे मास्तर, जाऊन नऊ वर्षं झालेली. माणूस वाईट नाही, लेकीवर जीव, पण उदाहरण शेवटच्या पायरीवर चुकलं की वरच्या सगळ्या बरोबर पायऱ्यांना शून्य. ‘एक ना धड’ ही त्यांची म्हण, चौथीतल्या पोरीने चित्रकलेच्या वहीतली चार पानं रंगवून पाचवं तसंच सोडलं तेव्हापासूनची.

आता इथे मी कुठल्या वळणाची आहे ते सांगून टाकते. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमाराला जी विचारसरणी मांडली आणि जी आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत आणून रुजवली, त्या घरातली मी. आमचं म्हणणं थोडक्यात असं, की दुखतं ते घडलेल्या गोष्टीने कमी आणि तिच्याबद्दल आपण मनात जे फर्मान काढतो त्याने जास्त. आणि मराठीत हे फर्मान पकडणं फार सोपंय बघा, एक अक्षर पकडायचं, ‘च’. सुरू केलं की पूर्ण झालंच पाहिजे. रोज केलंच पाहिजे. मी वसुधाला दोन आठवडे एवढंच काम दिलं, दिवसभरात मनातल्या मनात किती ‘च’ येतात ते बघायचं, बदलायचं काही नाही. पुढच्या वेळी आली ती हसतच, “ताई, मी ‘च’ मोजलेच पाहिजेत असं करून दोन रात्री झोपले नाही.” मी मनात म्हटलं, ही बरी होणार.

पण नंतर जरा अडलं. ‘च’ कळला तरी फुल्या थांबेनात. मग मी माझं एक ठेवणीतलं वाक्य काढलं, जे मी बऱ्याच जणींना ऐकवलंय आणि खोटं कशाला बोलू, माझं मला फार आवडतं. म्हटलं, “वसुधा, भाराभर चिंध्या असल्या तर बिघडलं कुठं, चिंध्यांचीच तर गोधडी होते.”

बहुतेक जणींचे डोळे इथे भरून येतात. वसुधा शांतपणे म्हणाली, “नाही होत.”

“म्हणजे?”

“नुसत्या चिंध्यांची नाही होत. खाली अस्तर लागतं ना ताई, अख्खं. आमच्या आजोळी जुनं लुगडं घालायचे, त्यावर ठिगळं, मग धावदोरा. अस्तरच नसलं तर चिंध्या कशावर टाकणार? माझ्याकडे तेच नाहीये.”

मी गप्पच. स्वतः कधी सुई न धरता गोधडीवर बोलायला गेले की हे असं होतं. पण त्या गप्प बसण्यातच मला कळलं की तिला काय बोचतंय ते ती पहिल्यांदा नीट बोललीय. गोष्टी पूर्ण होत नाहीत हे वरचं दुखणं झालं, आतलं असं की या सगळ्याचा आणि माझा काय संबंध ते मला कळत नाही, मी नुसती इकडून तिकडे उडतेय. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. एवढंच म्हटलं, की मधला एक रविवार मोकळा ठेवा, तेल नाही, सूर्यनमस्कार नाही, यादीतलं काही नाही, जिथे पाय नेतील तिथे जा आणि आल्यावर काय आठवतंय ते मला सांगा.

पाय गेले बाजीराव रस्त्याला, केळकर संग्रहालयात. पुण्याच्या माणसाने शाळेच्या सहलीनंतर तिथे पाऊल ठेवलेलं नसतं, तीही पस्तीसेक वर्षांनी गेली. दिनकर केळकर हा माणूस मुळात चष्म्याच्या दुकानाचा मालक, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करायचा, आणि गावोगाव फिरून लोक अडगळीत टाकतात अशा वस्तू गोळा करत बसायचा, दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपं, दारं. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे संग्रहालय केलं. २०,००० च्या वर वस्तू. (चष्मे, कविता आणि अडकित्ते, आमचे अण्णा असते तर काय म्हणाले असते, हे वसुधाचंच.)

पण तिने मला सांगितलं ते केळकरांबद्दल नाही. वज्रीबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वज्री म्हणजे टाचा घासायची. खालून खरखरीत, वर धरायला मूठ. गरिबाघरी मातीची, ज्यांना परवडायची त्यांच्याकडे पितळेची, आणि पितळेच्या त्या मुठीवर मोर, पोपट, हत्ती, काय काय केलेलं असतं. वसुधा त्या कपाटापुढे अर्धा तास उभी होती. ती सांगत होती तसं लिहिते, मधे मी काहीच बोलले नाही.

“ताई, टाच घासायची हो. न्हाणीघरात, अंधारात, दार लावून. कोण बघणारे? तरी कुणाला तरी वाटलं की हातात धरायला मोर असावा. आणि कुणीतरी बाई ती घेऊन रोज दोन मिनिटं बसत असेल. घरात पंधरा माणसं असतील, चूल पेटायचीय, पण ती दोन मिनिटं तिची. ते कुठल्या बखरीत नाही येणार. मी मोडी शिकायला का गेले माहितीये? सगळे लढाया आणि तहनामे वाचायला येतात. मला पत्रातला शेवटचा भाग वाचायचा होता, घरच्यांची खुशाली विचारतात तो. किल्ल्यावर पण बघा, सगळे बुरुजाकडे पळतात आणि मी पाण्याच्या टाक्याशी बसून राहते की इथे पाणी कोण भरत असेल. ग्रुपवाले चिडतात. वारलीत मला लग्नाचा चौक नाही काढावासा वाटला, दळणारी बाईच काढली, अडीच वेळा.”

आणि मग थांबली. मीही थांबले. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चालू होतं ते ऐकू येत होतं एवढी शांतता.

“हे अस्तर आहे का हो?” तिने विचारलं.

आमच्या कामात अशी जागा वर्षातून तीन-चारदा येते आणि तेव्हा तोंड बंद ठेवणं हेच कौशल्य असतं. मी फक्त म्हटलं, “तुम्ही सांगा, वाकळ तुम्ही शिवता.” घरी जाताना मात्र मी रिक्षात एकटीच हसत होते, हे कबूल करते.

तिचं मन ज्या एका गोष्टीभोवती फिरत होतं ती होती साध्या बायकांचा रोजचा, कुणी न नोंदलेला वेळ. इतिहास, सुई, स्वतःच्या अंगाची निगा, तिन्ही तिथूनच आलेलं. तिने सेल्फ केअरची केली होती शिस्त, वर्गपाठ, पण मुळात तिला हवी होती ती वज्रीची दोन मिनिटं, जी कुणी तपासत नाही.

इथे एक गोष्ट घाईने सांगते नाहीतर उद्या सगळ्या आपलं अस्तर शोधत माझ्याकडे याल. प्रत्येकाला असं काही सापडतं असं नाही. काही जणांना खरंच वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी आवडतात, सोमवारी बाकरवडी आणि मंगळवारी तलवारी, त्यालाही काही हरकत नाही. ‘माझ्या सगळ्या आवडींचा एक अर्थ असलाच पाहिजे’ हाही ‘च’ आहे, कागद बदलून आलेला.

आणि दुसरं. छंद बदलत राहणं वेगळं आणि सगळ्यातूनच मन उडणं वेगळं. आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात, झोप-भूक बिघडलीय आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, किंवा याच्या अगदी उलट, झोपच लागत नाही तरी थकवा नाही, रोज नवं काहीतरी सुरू आणि हातातला पैसा पाण्यासारखा जातोय, तर माझ्यासारखीकडे नंतर या, आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ नंबरही आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तर वाकळीकडे येते. ठिगळं जोडून निम्मीच झालेली, अस्तरासाठी आजीचं लुगडं काढून ठेवलेलं, आणि तीन वर्षं तसंच. एका भेटीत ती म्हणाली, “ताई, शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी एक छोटा शिक्का असतो, मोर्तब. त्यात लिहिलेलं असतं ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे पत्र इथे संपलं, याच्या खाली कुणी काही घालू नये. पत्र चार ओळींचं असलं तरी शिक्का तोच.”

“मग?”

“मग मी वाकळीला मोर्तब केलं.” म्हणजे काय तर जेवढी ठिगळं जोडली होती तेवढीच ठेवली, लुगडं कापायचा धीर नव्हताच, त्याच्या घड्या त्या मापाच्या घातल्या, कड मारली, आणि भाचीच्या बाळाला दुपट्यासारखी देऊन टाकली. डबल बेडची वाकळ निम्मी राहिली होती, बाळाची पूर्ण झाली.

हे मोर्तब आता मी सर्रास वापरते, वसुधाचं नाव न सांगता पण तिच्याकडून उसनं घेतलंय हे सांगून. काही नवं सुरू करायच्या आधीच ठरवायचं की याची मर्यादा कुठे. ‘मोडी शिकणार’ म्हटलं तर जन्म पुरत नाही, ‘पणजोबांचं एक खरेदीखत वाचता येईल इतपत शिकणार’ म्हटलं तर शिक्का कुठे मारायचा ते कळतं. मधेच सोडावंसं वाटलं तरी हरकत नाही, फक्त गुपचूप पलंगाखाली ढकलायचं नाही, सांगून सोडायचं, इथपर्यंत आलं, आवडलं, बास. ढकललेल्या गोष्टी रात्री बोलतात, माझी हार्मोनियम बोलते, अनुभव आहे. आणि सेल्फ केअरची तर कृपा करून यादी करू नका. जे केल्यावर कुणाला दाखवावंसं वाटत नाही असं दिवसातलं एक काहीतरी, बास झालं.

स्वार्थीपणाचं शेपूट राहिलंच होतं. त्याच्यावर मी चार भेटी तयारी करून ठेवली होती, पण तिची गरजच पडली नाही. शेवटच्या भेटीला वसुधा वीस मिनिटं उशिरा आली, हातात काही नव्हतं आणि चेहरा वैतागलेला. तुळशीबागेतून हौसेने पितळेची वज्री आणली होती, वर छोटा मोर, मला दाखवायला आणणार होती.

“मग?”

“सासूबाईंनी पाहिली. म्हणाल्या आमच्या माहेरी मातीची होती, आई कुणाला हात लावू द्यायची नाही. तेव्हापासून त्यांच्याच न्हाणीघरात असते ती. आज म्हटलं, अहो, तासाभरासाठी द्या, ताईंना दाखवून आणते, तर म्हणतात, त्यांना म्हणावं, तुमची तुम्ही आणा.”