कुणी ऐकतच नसेल तर थांबावं का?

‘इतकी वर्षं मनापासून करतोय, पण कुणाचं लक्षच जात नाही. माझ्यातच काही कमी आहे का? सोडून द्यावं का हे?’ असं विचारायला माझ्याकडे समुपदेशनासाठी चित्रकार येतात, लिहिणारे येतात. अलीकडे घरातल्या एका खोलीत बसून एकट्याने संगीत करणारे जास्त येऊ लागलेत. त्यांतल्या एकाची हकीकत त्याच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिशी ओलांडलेला तरुण. दिवसा नोकरी, रात्री सिंथेसायझर आणि संगणक. संगीत अँबियंट प्रकारातलं, म्हणजे ताल जवळजवळ नाही, लांबवलेले स्वर आणि सावकाश बदलत जाणारा नाद. जोडीला लघुपट, माहितीपट आणि छोट्या गेमसाठी पार्श्वसंगीत. बसल्या बसल्या त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. ऐकणाऱ्यांचा आलेख होता, जमिनीला चिकटलेला.

“मॅडम, याच्यात मी कुठे दिसतो का तुम्हाला?”

“दिवसातून किती वेळा बघता हे?” मी विचारलं. तो नुसता हसला. अशा हसण्यातून पुरेसं कळतं.

त्या आकड्यांचा त्याच्या संगीतावर काय परिणाम झाला होता, हे हळूहळू बाहेर आलं. स्पॉटिफाय या संगीत ऐकण्याच्या अ‍ॅपवर एखादी रचना ३० सेकंद ऐकली की एक प्ले मोजला जातो. रचना दोन मिनिटांची असो की नऊ मिनिटांची, प्ले एकच. तेव्हा त्याने आपल्या लांब रचनांचे तुकडे पाडायला सुरुवात केली होती. सुरुवातीची शांतता कापून टाकायची, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस निघून गेला तर हिशेबात काहीच येत नाही. शिवाय २०२४ पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत किमान १००० प्ले नसलेल्या रेकॉर्डिंगला रॉयल्टी, म्हणजे वापराचा मोबदला, मिळत नाही. त्याच्या बऱ्याच रचना या रेषेखाली होत्या. कमाईच्या रकान्यातलं शून्य तो स्वतःला मिळालेले गुण समजून वाचत होता.

मी म्हटलं, हा एका कंपनीच्या हिशेबाचा नियम आहे. तुमची रचना कुणी झोपेपूर्वी रोज पूर्ण नऊ मिनिटं ऐकत असेल, तरी या रकान्यात त्याची वेगळी नोंद नाही. त्याला हे ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं आणि रात्री दोन वाजता त्या आलेखाकडे बघताना ते आठवणं, या दोन गोष्टींमध्ये खूप अंतर असतं.

यात एक गंमतही आहे, आणि ती मी त्याला बोलून दाखवली. याच प्रकारातल्या ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने विमानतळासाठी म्हणून केलेला संगीतसंग्रह काढला, तेव्हा १९७८ मध्ये लिहिलेल्या सोबतच्या टिपणात त्याची अपेक्षा मांडली होती: हे संगीत लक्ष देऊन ऐकता यावं आणि त्याकडे दुर्लक्षही करता यावं. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचंही बरंचसं तसंच. संवादावर कुरघोडी केली की दिग्दर्शक आवाज खाली घेतो. ज्या कलेत मागे राहणं हे कौशल्य आहे, ती निवडायची आणि मग कुणी वळून पाहिलं नाही म्हणून रोज झुरायचं! तो म्हणाला, “म्हणजे मला कौतुक नकोच असं म्हणायचं का?” नाही. कौतुक हवंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. फक्त ते कुणाकडून हवं, हे त्याने कधी ठरवलं नव्हतं. अनोळखी लोकांच्या गर्दीकडून, की दोन-चार दिग्दर्शकांकडून, की ज्यांचं काम त्याला आवडतं अशा संगीतकारांकडून? यावर तो बराच वेळ गप्प बसला.

मग मी त्याला एक कंटाळवाणं काम दिलं. संगीतातून आलेली प्रत्येक रक्कम, कुठून आली त्यासह, एका वहीत लिहायची. वही भरली तेव्हा चित्र उलटं निघालं. ज्या स्ट्रीमिंगपायी झोप उडाली होती, तिथून आलेले पैसे नगण्य. थेट डाउनलोड विकत घेणारे मोजकेच, पण तीच नावं पुन्हा पुन्हा. आणि मोठा भाग लघुपट आणि गेमच्या कामाचा, ज्याला तो ‘ते काय, लोकांचं काम’ म्हणून बाजूला सारत होता.

त्या वहीत एक मोठं भोकही होतं. त्याने संगीत दिलेला एक माहितीपट टीव्हीवर दाखवला गेला होता. अशा वेळी निर्मात्याने क्यू शीट भरून द्यायची असते: कोणता तुकडा, किती सेकंद, संगीतकार कोण, हक्क कुणाकडे. त्यावरून रॉयल्टी गोळा करणारी संस्था संगीतकाराचा वाटा काढते. याने संस्थेचं सभासदत्वच घेतलं नव्हतं, क्यू शीटची चौकशी केली नव्हती, आणि काही कामांत सगळे हक्क एकरकमी देऊन टाकले होते.

“का नाही केलं?”

“फॉर्मवर ‘संगीतकार’ असं लिहावं लागतं ना. मी अजून तेवढा कुठे आहे?”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे होती. पैसे येत नाहीत म्हणून कमीपणा वाटतो, असं तो समजत होता. प्रत्यक्षात कमीपणा वाटतो म्हणून तो पैसे मागायला जात नव्हता, आणि न आलेले पैसे पुन्हा त्याच कमीपणाचा पुरावा ठरत होते. आत्मविश्वास आधी येईल आणि मग फॉर्म भरू, ही वाट पाहण्यात वर्षं जातात. आधी फॉर्म भरायचा. करारातल्या कायदेशीर बाबी माझ्या विषयातल्या नाहीत, त्यासाठी त्याला जाणकार वकिलाकडे पाठवलं.

नकार हा दुसरा दुखरा भाग. दिग्दर्शक संकलन करताना कुठलंतरी गाजलेलं संगीत तात्पुरतं लावतात, याला टेम्प ट्रॅक म्हणतात. महिनोन्‌महिने तेच ऐकून त्यांचे कान त्याला सरावतात, मग नवं काहीही ‘तसं नाही वाटत’ म्हणून परत येतं. अॅलेक्स नॉर्थसारख्या नामवंत चित्रपट-संगीतकाराने ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी लिहिलेलं संगीत असंच बाजूला पडलं, १९६८ मध्ये. दिग्दर्शक कुब्रिकने तात्पुरत्या लावलेल्या अभिजात रचनाच ठेवल्या. हा किस्सा मला त्यानेच रंगवून सांगितला. मी विचारलं, “मग नॉर्थमध्ये काही कमी होतं का?” तो पटकन म्हणाला, “छे!” आणि थांबला. नाकारलेल्या प्रत्येक तुकड्यापुढे ‘काय नाकारलं गेलं’ हे एका ओळीत लिहायचं, असं आम्ही ठरवलं. ‘गती जास्त’, ‘खर्जामुळे संवाद ऐकू येत नाही’, ‘टेम्पसारखं नाही’. ‘मी’ हे उत्तर चालणार नाही, एवढीच अट.

एकदा त्याची पत्नी आली. मला वाटलं होतं, पैशांचा विषय निघेल. ती म्हणाली, “पैशाचं बघू आम्ही. पण हा पहाटेपर्यंत हेडफोन लावून बसतो, हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि सकाळी रात्रीचं सगळं पुसून टाकतो.” थकलेल्या कानांनी केलेलं आवाजांचं मिश्रण (मिक्सिंग) सकाळी वाईट वाटतं, हे तो स्वतःच इतरांना सांगत असे. रात्री एका ठरावीक वेळेनंतर फक्त ध्वनिमुद्रण करायचं, निर्णय आणि पुसापुशी दिवसाउजेडी, असा तह त्या दोघांनी माझ्यासमोर केला. बऱ्याच अंशी तो पाळला गेला.

नोकरी सोडू का, याचं हो-नाही उत्तर त्याला माझ्याकडून हवं होतं. ते मी देत नाही. आम्ही अटी लिहिल्या: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, पुन्हा काम देणारे किमान तीन जण, आणि हक्क पूर्ण न सोडणारा एक तरी करार. यांतली दुसरी अट पूर्ण होत आली आहे, पहिली बरीच दूर आहे, आणि नोकरी चालू आहे.

तुकडे केलेली एक रचना त्याने पुन्हा अखंड प्रसिद्ध केली, सुरुवातीच्या शांततेसकट. आलेख त्यामुळे हलला नाही. तो आता आठवड्यातून एकदाच बघतो, निदान मला तरी तसं सांगतो. सभासदत्वाचा फॉर्म गेला आहे. सध्या आम्ही आगाऊ रक्कम मागण्याचा सराव करतोय. मी दिग्दर्शकाची भूमिका घेते, तो आकडा सांगतो, आणि सांगून झाल्यावर लगेच “पण कमीही चालेल” असं जोडतो. ते शेपूट अजून सुटलेलं नाही.