एसीचा हप्ता 20 वर्षं कशाला भरायचा?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ग्वाल्हेरला दुमजली घर उठतंय, प्लास्टर पुढच्या महिन्यात, सासू-सासरे बरोबर राहणार, आणि आर्किटेक्टने अख्ख्या घराला एकच सेंट्रल एसी सिस्टीम सुचवलीय, गरम-थंड दोन्ही, 6.80 लाख. हे पैसे होम लोन वाढवून घ्यायचे आणि बजेट जुळवायला छताच्या इन्सुलेशनचे 90 हजार कापायचे असं तुमच्या ह्यांचं म्हणणं. मी म्हणेन बरोब्बर उलटं करा.

आधी हिशोब बघा. 8.5 टक्क्याने 20 वर्षांसाठी 6.80 लाख म्हणजे महिन्याला साधारण 5,900 चा हप्ता, एकूण 14 लाखांच्या वर जातं. आणि मशीन टिकणार 10-12 वर्षं, नशीब असेल तर 15. म्हणजे भंगारवाला घेऊन गेला तरी त्याचा हप्ता चालूच, वर नव्या मशीनला परत पैसे काढा! छत-भिंतींसाठी एवढं लांब कर्ज समजू शकते, एसीसाठी नाही.

ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात हातभर जाड दगडी भिंती, दाराला वाळ्याचे पडदे, आजी दुपारी त्यावर पाणी मारायची की झालं. भावाने नवीन घर बांधलं, वरची बेडरूम पश्चिमेला, मेमध्ये रात्री दहाला भिंतीला हात लावला तर तव्यासारखी, दीड टनाचा एसी रात्रभर चालतो आणि खोली काही थंड होत नाही. ती गरमी छतातून आणि त्या भिंतीतून येते हो, तिथेच अडवली नाही तर मशीन कितीही मोठं घ्या. तेव्हा ते 90 हजार आधी, लोनमधून घेतले तरी चालतील.

मशीन मात्र हळूहळू, खिशातून. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो पण हवा कोरडी, त्यामुळे जूनपर्यंत दिवसा हॉलमध्ये डेझर्ट कूलर मस्त चालतो, पावसाळी दमटपणात तो काही कामाचा नाही, तेव्हा एसी हवाच. पहिल्या वर्षी दोनच घ्या, सासू-सासऱ्यांच्या खोलीत आणि तुमच्या, 5 स्टार इन्व्हर्टर, हॉट अँड कोल्डवाले. सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय, तेवढाच आधार. हॉट अँड कोल्ड का, तर 2 किलोवॉटचा रूम हीटर 5 तासांत 10 युनिट खातो, एसी तेवढीच ऊब साधारण एक तृतीयांश विजेत देतो. आपली कडाक्याची थंडी दीड-दोन महिन्यांचीच, त्यासाठी वेगळी सिस्टीम नकोच.

सेंट्रलमध्ये अजून एक, बाहेरचं युनिट एकच असेल तर ते बिघडलं की जूनमध्ये सगळं घर एकदम बसतं. पाचही खोल्या रोज एकाच वेळी चालणार असत्या तर मी वेगळा विचार केला असता, तुमच्याकडे मुलगा पुण्याला, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच.

सोलरची घाई नको, पण त्याच्या वायरसाठी गच्चीपासून मीटरपर्यंत पाइप आत्ताच टाकून ठेवा. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार सबसिडी आहे, एक उन्हाळा राहून बघा, बिल किती येतं ते कळलं की मग ठरवा. आणि तुम्ही पत्रात लिहिलेली ती अडीच लाखांची एफडी मोडू नका, इंटिरियरवाला अजून यायचाय.

प्लास्टरआधी एसीवाला आणि इलेक्ट्रिशियन दोघांना एकाच दिवशी साइटवर बोलवा, पाचही खोल्यांना कॉपर पाइप, ड्रेन आणि वेगळी वायर भिंतीत टाकून घ्या, एसी नंतर लागले तरी. ड्रेनमध्ये बादलीभर पाणी ओतून ते बाहेर येतंय का स्वतः उभं राहून बघा, भावाकडे उतार उलटा निघाला आणि पहिल्याच पावसाळ्यात वहिनीच्या साड्यांच्या कपाटात पाणी.